दोनशे तेरा टोमणे

गाभासाहेबांना माणसं आवडत नसत, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. माणसं त्यांना लायक वाटत नसत, एवढंच. बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला ‘तुझं बरोबर आहे’ असं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. मूळ प्रोग्राम त्यांनी लिहिला होता, त्याला ते ‘गाभा’ म्हणत, आणि दिवसातून चाळीस वेळा म्हणत. ‘गाभ्याला हात लावायचा नाही.’ ‘गाभ्याला हे चालत नाही.’ शेवटी लोकांनी त्यांनाच गाभासाहेब करून टाकलं. त्यांना वाटे हा मान आहे. वाटू द्या.

कारखान्यात काम एकच. साच्यातून लालभडक बाटली निघाली की तिला लगेच गार होऊ द्यायचं नाही. एकदम गार झाली तर काचेत ताण राहतो, बाटली दिसायला धडधाकट दिसते आणि पुढे कधीतरी कुणाच्या तरी हातात फुटते. म्हणून तिला एका सरकत्या पट्ट्यावर ठेवून साठ पावलं लांबीच्या भट्टीतून हळूहळू निववत न्यायचं. कामगार त्या भट्टीला बोगदा म्हणत. बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी उभं राहिलं की भुवया भाजत आणि पलीकडच्या तोंडाशी बाटली हातात घेता येई. त्या दोन टोकांमध्ये काय करायचं, पट्टा किती वेगाने, कुठला पंखा किती जोरात, हे गाभा ठरवी.

गाभासाहेबांची खोली बोगद्याच्या मधोमध, वरच्या मजल्यावर, काचेची. आत दोन खुर्च्या. एकीवर ते बसत आणि दुसरीवर त्यांनी कागदांचा ढीग रचून ठेवला होता. ते कागद त्यांनी वर्षानुवर्षं हलवले नाहीत, वाचले तर मुळीच नाहीत. आलेल्या माणसाला बसायला जागा मिळू नये, एवढीच त्या ढिगाची नोकरी होती, आणि ती त्याने इमानाने केली.

आता गाभा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर या माणसाचा ताठा कशाच्या जोरावर होता ते कळायचं नाही. गाभा होता सी भाषेत. ती माणसाने लिहायची, मग कंपायलरने तिचं यंत्राला समजेल असं रूप करायचं आणि ते रूप बोगद्याच्या संगणकात बसवायचं. एकदा बसलं की बसलं. त्यात एक टिंब बदलायचं तरी पट्टा रिकामा करा, बोगदा थांबवा, सगळं पुन्हा कंपाइल करा. तशी सवड वर्षातून एकदा, भट्टीच्या दुरुस्तीच्या आठवड्यात मिळे. वरचा भाग, म्हणजे ऑपरेटरला पडद्यावर दिसतो तो, स्क्रिप्टमध्ये होता. स्क्रिप्टमध्ये ओळ बदलली की पुढच्या क्षणी चालू. आज जाड बुडाची बरणी, उद्या निमुळती बाटली, त्याप्रमाणे आकडे बदलायचे, ते सगळं स्क्रिप्टमधून. गाभासाहेबांच्या मते स्क्रिप्ट लिहिणारा माणूस प्रोग्रामर नव्हे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असं ते म्हणत, आणि ते चहाच्या टेबलावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

पण या दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. त्यासाठी दोघांत सामायिक व्हेरिएबल होते. व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवायची जागा. जागा एक आणि तिला दारं दोन. स्क्रिप्टने एका दाराने पट्ट्याचा वेग आत ठेवला की गाभा दुसऱ्या दाराने तोच आकडा वाचणार. अशा दोनशे बारा जागा होत्या. प्रत्येक जागेवर गाभासाहेबांनी आठ-दहा ओळींचा एक राखणदार बसवला होता. स्क्रिप्टकडून आलेला आकडा मर्यादेबाहेर असला, किंवा पूर्णांक हवा तिथे दशांश आला, की राखणदार तो फेकून देई, जुना आकडा परत जागेवर ठेवी आणि ऑपरेटरच्या पडद्यावर एक ओळ पाठवी. इथवर सगळं शहाणपणाचंच. फरक त्या ओळीत होता. कुठलाही जाणता माणूस तिथे लिहील की अमक्या जागी इतक्यापासून इतक्यापर्यंत आकडा हवा. गाभासाहेबांनी लिहिलं, ‘गाढवाला गुळाची चव काय.’

दोनशे बारा राखणदार आणि दोनशे बारा टोमणे. ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा.’ जातिवंत म्हणी संपल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या पदरच्या घातल्या. ‘आकडे मोजायला बोटं दिली आहेत, ती नाकात घालण्यासाठी नाहीत.’ ‘तुझ्या हाताला कळफलक नव्हे, खराटा शोभेल.’ बाईमाणूस ऑपरेटर असेल, वयाने मोठा माणूस असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मात्र एका गोष्टीचा त्यांना मनापासून अभिमान होता आणि ती ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. “एकही टोमणा मी दोनदा वापरलेला नाही. शोधून दाखव.” शोधायला कोण जातंय? लोकांना पोटापाण्याची कामं होती.

हे सगळं चाललं कसं, असं कुणी विचारील. चाललं, कारण गाभा खरोखरच चांगला होता. हे कबूल करायलाच हवं, कितीही जिवावर आलं तरी. तीस वर्षांत तो कधी अडकला नाही. आणि त्याच्या आत काय आहे ते एकट्या गाभासाहेबांना ठाऊक होतं. कुठली जागा कशासाठी, तिच्यात पूर्णांक हवा की दशांश, मर्यादा किती, याची यादी त्यांनी कुणाला दिली नाही. नव्या जागेचं नाव हवं असेल तर ते चिठोऱ्यावर लिहून देत, एवढंच. पुढे विचारलं की म्हणत, “कोड वाच.” आणि कोड त्यांच्या संगणकात, कुलूपबंद.

चार वर्षांपूर्वी स्क्रिप्टच्या कामावर एक बाई आली. तिशीची, बुटकी, बोलायला कमी. ती इकडचं तिकडे चिकटवते म्हणून गाभासाहेबांनी तिचं नाव चिकटपट्टी ठेवलं. आठवड्याभरात ते नाव साऱ्या कारखान्यात झालं. तिने पहिल्याच महिन्यात त्यांच्या खोलीत जाऊन, अर्थात उभ्यानेच, विचारलं.

“सर, सामायिक व्हेरिएबलची यादी मिळेल का? नाव, प्रकार आणि मर्यादा. एवढंच हवंय.”

“कोड वाच.”

“कोड मला उघडत नाही, सर.”

“उघडला तरी कळणार आहे का?” गाभासाहेब म्हणाले. “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

ही म्हण त्यांच्या खास मर्जीतली. बाई निघून गेली. गाभासाहेबांनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला.

त्यानंतर तिने पुन्हा काही विचारलं नाही. गाभासाहेबांना वाटलं, जिरली. दोन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीच्या आठवड्यात तर त्यांच्या हाती घबाडच लागलं. बोगदा रिकामा होता, पट्टा थांबलेला, सगळे सुट्टीवर, आणि चिकटपट्टी एकटी खाली पडद्यासमोर बसून काहीतरी करत होती. राखणदारांनी काय काय परतवलं त्याची नोंद गाभा ठेवत असे. गाभासाहेबांनी ती उघडून पाहिली तर तीन दिवसांत सहाशे चाळीस चुका! त्यांनी तो कागद छापून चहाच्या टेबलामागच्या फळ्यावर टाचणीने लावला. “तीन दिवसांत सहाशे चाळीस! चुका करायलासुद्धा अंगात चिकाटी लागते बरं का.” सगळे हसले. तीही तिथेच होती, तिने कागदाकडे पाहिलं आणि आपला कप विसळून ठेवला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाभासाहेब साठीला टेकले. तीन महिन्यांनी निवृत्ती होती. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती, आणि ती इतकी हवी होती की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मॅनेजरला ‘साहेब’ म्हटलं. गरज पगाराची नव्हती. घर स्वतःचं होतं, मुलगा दूर गावी मार्गी लागला होता. गरज निराळीच होती. कारखान्यात त्यांचं बोलणं ऐकून घ्यावंच लागे, कारण बोगदा त्यांच्या मुठीत होता. घरी तसलं काही मुठीत नव्हतं. घरी फक्त बायको होती, आणि ती त्यांचं बोलणं सुरू झालं की भाजी निवडायला घेई. मुलगा दर रविवारी फोन करी आणि आईशी बोले. मुदतवाढ मिळाली नाही तर उरलेल्या जन्मात आपलं ऐकायला कोण बांधील आहे, हा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांनी तो स्वतःलाही असा विचारला नसेल. पण पडला होता.

आणि मुदतवाढ मिळणार, यात त्यांना शंका नव्हती. गाभा दुसऱ्या कुणाला कळतच नाही, तर देणार नाही तर करणार काय?

नेमकं तेव्हाच बरण्यांचं झालं.

एका मधवाल्याने जाड बुडाच्या बरण्या मागवल्या होत्या. गेल्या दुरुस्तीत बोगद्याच्या शेवटच्या टप्प्यावर एक नवा पंखा बसवला होता आणि त्याच्यासाठी गाभासाहेबांनी दोनशे तेरावी जागा तयार केली होती, आठवड्याच्या अगदी शेवटच्या दिवशी. जाड बुडाला वारा हळू हवा. चिकटपट्टीने नव्या बरणीच्या पत्रकात, म्हणजे स्क्रिप्टमधल्या त्या बरणीच्या आकड्यांच्या यादीत, त्या पंख्यासाठी साडेबारा हा आकडा घातला. राखणदाराने तो फेकून दिला, कारण गाभासाहेबांनी तिथे पूर्णांकच ठरवला होता. बाकी सगळे पंखे दशांश घेत, हा घेत नव्हता. कारण विचाराल तर त्यांना कंटाळा आला होता. जुना चाळीसचा आकडा तसाच राहिला, पडद्यावर एक ओळ उमटली, आणि नऊ हजार बरण्या पाहिजे त्याच्या तिप्पट वाऱ्यात गार झाल्या. दिसायला सुरेख. मधवाल्याच्या कारखान्यात गरम मध ओतायला घेतला तेव्हा त्या फटाफट फुटल्या. मध भरणाऱ्या बाईच्या तळहाताला सात टाके पडले.

चौकशीची बैठक मॅनेजरच्या खोलीत बसली. मॅनेजर, रात्रपाळीचा ऑपरेटर, चिकटपट्टी आणि गाभासाहेब. गाभासाहेब नवा शर्ट घालून आले होते. हातात नोंदीचा छापील कागद, आणि त्यावर एका ओळीखाली लाल रेघ. सात टाक्यांचं त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण ते वाईट वाटणं लाल रेघेच्या पुष्कळ खाली होतं.

“माझ्या गाभ्याने सांगितलं होतं,” ते म्हणाले. “हे बघा, तारीख आणि वेळ. चुकीचा आकडा आला, गाभ्याने परतवला, आणि तसं पडद्यावर कळवलं. आता समोर लिहिलेलं कुणाला वाचता येत नसेल, तर त्याला गाभा काय करणार?”

“काय कळवलं?” मॅनेजरने विचारलं.

गाभासाहेबांनी कागद पुढे सरकवला. मॅनेजरने मोठ्याने वाचलं. “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.” आणि विचारलं, “यावरून पंखा कसा कळावा?”

“पंखा नका हो बघू. चूक झालीय, एवढं तरी कळतं ना? बोगदा थांबवायचा, मला बोलवायचं.”

“संदेश मी वाचला होता, साहेब,” ऑपरेटर म्हणाला. उतारवयाचा माणूस, मांडीवर टोपी घेऊन बसलेला. “वहीत बघितला. वहीत लिहिलंय की काही बिघडत नाही, सकाळी सांगा. म्हणून सकाळी सांगितला.”

“कसली वही?” गाभासाहेब म्हणाले.

ऑपरेटरने चिकटपट्टीकडे पाहिलं. तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, लांबट, कडा तेलकट झालेल्या. तिन्ही पाळ्यांच्या हातांची काळी बोटं तिच्यावर उमटलेली होती. गाभासाहेब सोडून साऱ्या कारखान्याला ती वही ठाऊक असावी, कारण मॅनेजरने न विचारताच ती उघडली.

प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे गाभासाहेबांचा टोमणा, उजवीकडे त्याचा अर्थ. मॅनेजर वाचत गेला.

“‘गाढवाला गुळाची चव काय.’ पट्ट्याचा वेग. पूर्णांक. एक ते नव्वद. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ तिसऱ्या टप्प्याचं तापमान. दशांश चालतो. चारशे ते पाचशे दहा. ‘तुझ्या हाताला कळफलक नव्हे, खराटा शोभेल.’ बाहेरच्या दाराची झडप. शून्य किंवा एक. दुसरं काहीही घेत नाही.”

खोलीत कुणी हसलं नाही. गाभासाहेबांना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर गंमत म्हणजे बरं वाटलं. आपण लिहिलेलं इतक्या नीटपणे, इतक्या सुवाच्य अक्षरात कुणी उतरवून ठेवलंय! त्यांनी मान पुढे करून पाहिलं आणि म्हणाले, “‘खळखळाट’मध्ये एक ‘ख’ राहिलाय.”

“हे तुम्ही कसं केलंत?” मॅनेजरने तिला विचारलं.

“बोगदा रिकामा होता तेव्हा केलं,” ती म्हणाली. “यादी मिळत नव्हती. मग एकेका जागेत मुद्दाम चुकीचा आकडा घातला आणि काय उत्तर येतं ते लिहून घेतलं. दशांश घालून पाहिला, फार मोठा घालून पाहिला, उणे घालून पाहिला. मर्यादा सापडेपर्यंत. तीन दिवस लागले.”

“सहाशे चाळीस,” ऑपरेटर हळूच म्हणाला. चहाच्या टेबलामागचा तो कागद त्याच्याही लक्षात होता.

गाभासाहेबांच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, आपण तिची टर उडवत होतो तेव्हा ती आपला गाभा दारोदार हिंडून, एकेक राखणदार चाचपून, बाहेरून पाठ करत होती. आणि दुसरी, जी यादी आपण कुणाला दिली नाही, ती आपणच दिली. प्रत्येक दाराशी निराळी शिवी ठेवली, म्हणून तर तिला दारं ओळखता आली. सगळीकडे सरळ साधं ‘आकडा चुकला’ एवढंच लिहिलं असतं, तर कुणाच्या बापाला काही कळलं नसतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण त्यांनी एकशे सातव्या राखणदाराला दिली होती. तेव्हा ती दुसऱ्यांसाठी होती.

“मग ही पोहऱ्याची ओळ?” मॅनेजर पानं उलटत म्हणाला. “ही सापडली. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.’ नियंत्रणाच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड. शून्य ते दहा. चुकला तरी मालाला काही होत नाही, सकाळी सांगा.” त्याने मान वर केली. “दिवा?”

“तेव्हा दिवाच होता,” ती म्हणाली.

“शक्यच नाही,” गाभासाहेब म्हणाले. “पंख्याला मी निराळी घातली असणार. मी एक ओळ दोनदा वापरत नाही.”

“बघून घेऊ या का?”

त्यांचा संगणक वर खोलीत होता. चौघेही जिना चढले. खाली बोगदा घरघरत होता, पट्ट्यावरून औषधाच्या तपकिरी बाटल्या सरकत होत्या. खोलीत बसायला एकच खुर्ची, तिच्यावर गाभासाहेब बसले, बाकीचे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुलूप उघडलं, शोधायच्या चौकटीत ‘पोहऱ्यात’ असं लिहिलं आणि कळ दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात दोनाचा आकडा आला.

अठ्ठेचाळिसावा राखणदार. दोनशे तेरावा राखणदार. तीच ओळ, टिंबाचाही फरक नाही.

त्यांनी पुन्हा कळ दाबली, काही बदलेल म्हणून. दुरुस्तीचा शेवटचा दिवस त्यांना आठवला. संध्याकाळ होत आली होती, घरी जायचं होतं, नवं काही सुचेना, हाताला आलं ते लिहिलं. त्यांना खात्री होती की ते नवं आहे. बत्तीस वर्षांत ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, तीसुद्धा त्यांना धड सांभाळता आली नाही, आणि सांभाळता आली नाही हे कळलंही नाही.

“चूक माझीही आहे,” चिकटपट्टी मागून म्हणाली. “एक आकडा अडला तरी पत्रक मधे थांबवायचं नाही, पुढचे आकडे भरायचे, असं मीच ठेवलंय. मधे थांबलं तर अर्धं जुनं अर्धं नवं होतं, ते जास्त वाईट. पण ओळीच्या आधी व्हेरिएबलचं नाव छापायला हवं होतं. स्क्रिप्टमध्ये एका ओळीचं काम होतं.”

“मग का नाही केलं?” मॅनेजरने विचारलं.

“गरज वाटली नाही,” ती म्हणाली. “ सर तेच तेच बोलत नाहीत, यावर माझा विश्वास होता.”

ती हे कुत्सितपणे म्हणाली असती तर गाभासाहेबांना चाललं असतं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर तयार असे. पण ती सरळ बोलली. बोगद्याचं तापमान सांगावं तितकं सरळ. कारखान्यात त्यांच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, ते हे, आणि त्या विश्वासापायी एका बाईच्या हाताला सात टाके पडले.

मॅनेजरने वही मिटली. “ही आता पूर्ण आहे का?”

“दोनशे बारा होत्या. आज दोनशे तेरावी कळली.”

“म्हणजे गाभा जसा आहे तसा ठेवायचा, आणि बाहेरून काय द्यायचं ते सगळं यात आहे.”

“हो.”

“आतून काही बदलायचं झालं तर?”

“सी शिकतेय मी,” ती म्हणाली. “दीड वर्ष झालं.”

मॅनेजर गाभासाहेबांकडे वळला. वाईट माणूस नव्हता तो, म्हणून तर त्याला ते जड गेलं. “साहेब, बुधवारी बोगदा अर्धा दिवस बंद ठेवतो. टोमणे काढा. त्या जागी फक्त क्रमांक घाला, एक ते दोनशे तेरा. आणि नव्या पंख्याला दशांश चालू द्या. एवढं झालं की...” तो थांबला. “एवढं झालं की तुमच्याकडे काही राहत नाही.”

“आणि मुदतवाढ?”

“तीन महिने आहेतच की.”

बुधवारी गाभासाहेबांनी ते काम केलं. दोनशे तेरा वेळा एक ओळ पुसायची आणि एक आकडा लिहायचा. डोकं लागत नव्हतं. दुपारी दोनला कंपाइल झालं, अडीचला बसवलं, आणि ऑपरेटरने चुकीचा आकडा घालून पाहिला तेव्हा पडद्यावर आलं, ‘एकशे सात’. त्याने वही उघडून बोट ठेवलं आणि मान हलवली. वहीत आता डावीकडे आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. तीन वाजता ते घरी निघाले. कुणी थांबवलं नाही.

बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. या वेळी ते दारात दिसले तसं तिने घड्याळाकडे पाहिलं.

“बरं नाही वाटत?”

“मला काय धाड भरलीय?” ते म्हणाले आणि समोर बसले. मग सगळं सांगितलं. बरण्या, चौकशी, वही. सांगताना पुन्हा संताप चढला. “बत्तीस वर्षांचं माझं बोलणं, आणि त्या चिकटपट्टीने त्याची वही केली! डावीकडे मी बोललो ते, आणि उजवीकडे त्याचा अर्थ! ऑपरेटर लोक बोट ठेवून वाचतात!”

बायकोचे हात थांबले. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत त्यांच्या बोलण्याने तिचे हात थांबल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“अर्थ निघाला?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“प्रत्येकाचा? काहीतरी नेमकं सांगायचं असायचं तुम्हाला?”

“अर्थातच! प्रत्येकामागे ठरलेली गोष्ट होती. वेग, तापमान, झडप. मी उगाच बोलतो की काय?”

“बाई हुशार दिसतेय,” बायको म्हणाली. “मला वाटायचं, तुम्ही नुसतेच बोलता. मी लग्नानंतर वर्षभरात ऐकणं सोडलं.” तिने पुढची शेंग उचलली. “मग आता तीन महिन्यांनी तुम्ही घरी? दिवसभर?”

“हो.”

“रोज?”

“रोज नाही तर काय! निवृत्ती म्हणतात तिला.”

तिने शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले, सालं बाजूला सारली. विचार करून ती म्हणाली, “मग मला कुठेतरी काम बघायला हवं.”

ती थट्टा करत नव्हती. पुढच्याच आठवड्यात तिने कोपऱ्यावरच्या कपडे शिवण्याच्या दुकानात काम धरलं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.